चित्रफीत-संपादनासाठी संगणकाची निवड : महाविद्यालयीन गरजांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश : चित्रफीत-संपादनासाठी संगणक घेताना विचाराची सुरुवात बहुधा प्रोसेसरच्या नावापासून होते. कॅमेऱ्यातून येणाऱ्या फाइलचे स्वरूप हाच निवडीचा पहिला आधार असावा, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात साध्या आकडेमोडीच्या साहाय्याने केले आहे.

बीजशब्द : चित्रफीत-संपादन, संकोचन, कोडेक, प्रॉक्सी, साठवण.

प्रस्तावना

२०१७ मध्ये 'स्वयम्' हा राष्ट्रीय अभ्यासक्रम-मंच सुरू झाला आणि २०२० च्या टाळेबंदीत ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यानांची निकड सर्वांनाच जाणवली. याखेरीज भाषा विभागांना लोककलावंतांच्या मुलाखती आणि विज्ञान विभागांना प्रात्यक्षिके व क्षेत्रभेटी चित्रित कराव्या लागतात. अशा कामासाठी संगणक घेण्याची संधी विभागाला वारंवार मिळत नाही. यंत्राची नोंद एकदा डेड स्टॉक रजिस्टरमध्ये झाली की पुढील काही वर्षे त्यावरच निभावावे लागते. त्यामुळे दरपत्रके मागवण्यापूर्वी आपली गरज नेमक्या शब्दांत मांडता येणे महत्त्वाचे ठरते.

चित्रफितीचे गणित

फुल एचडी चित्राच्या एका चौकटीत १९२० × १०८० म्हणजे २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी ३ बाइट धरल्यास एक चौकट सुमारे ६.२ मेगाबाइटची होते. सेकंदाला २५ चौकटी, या हिशेबाने दर सेकंदाला सुमारे १५५ मेगाबाइट आणि तासाला सुमारे ५६० गिगाबाइट माहिती तयार होते. ३८४० × २१६० बिंदूंच्या फोर-के चित्रात हेच प्रमाण चौपट, म्हणजे सेकंदाला सुमारे ६२२ मेगाबाइट होते.

एवढी माहिती जशीच्या तशी साठवणे व्यवहार्य नसल्याने कॅमेरा तिचे संकोचन करतो. सेकंदाला १०० मेगाबिट वेगाने मुद्रित केलेली फोर-के फाइल तासाला केवळ ४५ गिगाबाइट जागा घेते. मूळ माहितीच्या जवळजवळ पन्नासाव्या भागात चित्र सामावलेले असते. संपादनाच्या वेळी हे संकोचन पुन्हा उलगडावे लागते आणि संगणकाची खरी कसोटी येथेच लागते.

लहान फाइल, मोठे श्रम

२००३ मध्ये प्रमाणित झालेल्या एच.२६४ आणि २०१३ मधील एचईव्हीसी या पद्धतींत पूर्ण चित्र ठरावीक अंतराने साठवले जाते. मधल्या चौकटींत मुख्यतः आधीच्या किंवा नंतरच्या चौकटींपेक्षा काय बदलले, एवढीच नोंद असते. फाइल आरंभापासून शेवटपर्यंत पाहताना ही रचना सोयीची ठरते. संपादक मात्र सतत पुढे-मागे सरकतो. मधलीच एक चौकट पाहायची असली तरी संगणकाला तिच्याशी निगडित इतर चौकटी आधी उलगडाव्या लागतात. डिस्कवरून सेकंदाला अवघे साडेबारा मेगाबाइट वाचायचे असूनही चित्र अडखळते, ते यामुळे. येथे डिस्क अधिक वेगवान घेऊन फारसा उपयोग होत नाही.

याउलट २००७ मध्ये अॅपलने आणलेल्या प्रोरेससारख्या पद्धतीत प्रत्येक चौकट स्वतंत्र असते. उलगडण्याचे श्रम कमी होतात, परंतु प्रोरेस ४२२ या प्रकारातील फोर-के फाइल सेकंदाला २५ चौकटींच्या वेगाने तासाला सुमारे २२१ गिगाबाइट होते. अशा तीन कॅमेऱ्यांचे चित्र एकाच वेळी पाहायचे तर सेकंदाला सुमारे १८५ मेगाबाइट वाचावे लागतात. ठिकठिकाणी शोध घ्यावा लागणाऱ्या फिरत्या हार्ड डिस्कला हा भार पेलत नाही. तेथे एसएसडीच हवी.

तात्पर्य, पहिल्या प्रकारात खर्च उलगडण्याच्या क्षमतेवर व्हावा, तर दुसऱ्या प्रकारात साठवणीच्या वेगावर.

घटकांची निवड

उलगडण्याचे काम झपाट्याने करणारी खास मंडले आधुनिक प्रोसेसर व ग्राफिक्स कार्डांत असतात. इंटेलने 'क्विक सिंक' या नावाने ती २०११ पासून अंगभूत ग्राफिक्समध्ये दिली. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या क्रमांकाअखेर केवळ 'एफ' हे अक्षर असते, त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते आणि पर्यायाने ही सोयही नसते. किंमत थोडी कमी असल्याने तुलनात्मक तक्त्यात असा प्रोसेसर सहज वर येतो. त्यामुळे दरपत्रकातील क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत वाचावा.

दुसरी बाब रंगनोंदीची. काही कॅमेरे १०-बिट ४:२:२ या अधिक सूक्ष्म रंगनोंदीत चित्रण करतात. महागडे ग्राफिक्स कार्ड घेतले म्हणजे हे स्वरूप उलगडेलच, असे नाही. एनव्हिडियाच्या आरटीएक्स मालिकेत ही सोय २०२५ मधील ५० क्रमांकाच्या पिढीपासून आली. इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये एचईव्हीसीपुरती ती त्यापूर्वीच उपलब्ध झाली होती. कॅमेऱ्याची माहितीपुस्तिका आणि प्रोसेसरचे तांत्रिक पत्रक शेजारी ठेवून ही खात्री करून घ्यावी.

रॅमचा विचारही याच गणिताने करता येतो. उलगडलेली फोर-के चौकट सुमारे २५ मेगाबाइटची असल्याने १० सेकंदांच्या चित्राला ६ गिगाबाइटहून अधिक जागा लागू शकते. फुल एचडी व्याख्यानांसाठी १६ गिगाबाइट पुरेशी मानावी. अनेक कॅमेऱ्यांच्या फोर-के कामासाठी ३२ गिगाबाइट असावी. अॅपलच्या एम मालिकेतील संगणकांत रॅम नंतर वाढवता येत नाही, म्हणून तेथे हा निर्णय खरेदीच्या वेळीच घ्यावा लागतो. स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचा लाभ रंगसंस्कार, चित्रातील खरखर कमी करणे अशा कामांत दिसतो. काटछाट, शीर्षके आणि ध्वनी जुळवणे एवढ्यावर थांबणाऱ्या विभागाला त्याची निकड नसते.

जुना संगणक वापरायचा असेल तर प्रॉक्सीचा मार्ग उपलब्ध आहे. मूळ फाइलची हलकी प्रत करून त्यावर संपादन करायचे आणि अंतिम चित्रफीत मूळ फाइलवरून तयार करायची, अशी ही रीत. केडेनलाइव्ह या मुक्त प्रणालीतही ती सोय आहे. मात्र विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने जुन्या यंत्रावर खर्च करण्यापूर्वी त्यावर नवी प्रणाली चालेल का, हे पाहावे.

साठवण : दुर्लक्षित खर्च

दोन कॅमेऱ्यांनी ४० तासांचा अभ्यासक्रम चित्रित केल्यास एकूण ८० तासांचे चित्रण जमते. सेकंदाला २४ मेगाबिट वेगाच्या फुल एचडीमध्ये ते सुमारे ८६४ गिगाबाइट होते, तर १०० मेगाबिटच्या फोर-केमध्ये ३.६ टेराबाइट. एक प्रत संगणकात, दुसरी बाह्य डिस्कवर आणि तिसरी अन्य इमारतीत ठेवायची तर ही जागा तिप्पट लागते. व्याख्यान पुन्हा मुद्रित करता येईल. जात्यावरच्या ओव्या सांगणाऱ्या नव्वदीतील आजींची मुलाखत मात्र पुन्हा मिळेलच असे नाही. ती एकाच डिस्कवर ठेवून सारा निधी प्रोसेसरवर खर्च करणे हा विभागाच्या संशोधनाशीच खेळ होय. वीज खंडित झाल्यास काम जतन करण्याइतका अवधी देणारा यूपीएसही याच खर्चात धरावा.

निष्कर्ष

१. संगणकाचे वर्णन लिहिण्यापूर्वी कॅमेऱ्याचे कोडेक, चित्राचा आकार, रंगनोंद आणि एका वेळी वापरायच्या कॅमेऱ्यांची संख्या निश्चित करावी.

२. संकोचित फाइलसाठी उलगडण्याची क्षमता आणि स्वतंत्र चौकटींच्या फाइलसाठी एसएसडी, असा प्राधान्यक्रम ठेवावा.

३. तीन प्रतींची साठवण आणि यूपीएस यांचा खर्च मूळ अंदाजपत्रकातच दाखवावा.

४. विभागाच्या स्वतःच्या कॅमेऱ्यातील दहा मिनिटांचे चित्रण संगणकावर न अडखळता पुढे-मागे फिरले पाहिजे, ही अट खरेदी समितीने दरपत्रकाच्या मागणीतच घालावी. किमान दराची अट पाळूनही योग्य यंत्र पदरात पडावे, यासाठी ही चाचणी तांत्रिक वर्णनाइतकीच उपयोगी ठरेल.