अंपायरचा ‘न’ कुठे पळाला?

गल्लीत क्रिकेट रंगलंय. चेंडू बॅटला लागला की नाही, यावरून भांडण पेटलंय. मग सगळे कुणाकडे वळतात? अंपायरकडे!

पण दोस्ता, एक गंमत सांगू? या इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीला एके काळी ‘न’ होता! सहाशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधली माणसं म्हणायची ‘नूंपेर’. मग हा ‘न’ पळाला कुठे?

त्याचं असं झालं. इंग्रजीत ‘एक आंबा’, ‘एक साप’ म्हणताना त्या ‘एक’च्या जागी ‘अ’ लावतात. शब्द स्वराने सुरू होत असेल, तर ‘अन’. आता ‘अ नूंपेर, अ नूंपेर’ असं भराभर म्हण बरं. मोठ्याने! काय ऐकू आलं? ‘अन ऊंपेर’! वर्गात बाई फळ्याकडे वळल्या की कुणी तरी हळूच शेजारच्या बाकावर सरकतं ना, अगदी तसाच हा ‘न’ सरकला. कुणाला पत्तासुद्धा लागला नाही!

आणि तो एकटाच नव्हे हं! स्वयंपाकघरातला एप्रन आधी ‘नेप्रन’ होता. अ‍ॅडर नावाचा विषारी साप आधी ‘नॅडर’ होता!

बरं, नूंपेर म्हणजे काय? हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेतून आला. अर्थ : ज्याची जोडी नाही असा. विषम! सम-विषम संख्या माहीत आहेत ना? दोघं भांडले की निवाड्याला तिसरा लागतो. कुणाच्याच बाजूचा नसलेला, जोडीबाहेरचा. तेव्हा तो खेळातली नाही, लोकांची खरीखुरी भांडणं सोडवायचा. क्रिकेटच्या १७४४ सालच्या नियमांत मात्र अंपायर दिमाखात उभे आहेत.

आता आपला शब्द बघ. पंच! म्हणजे पाच. गावातलं भांडण पाच जणांपुढे जायचं. आणि पाच ही संख्या कसली? विषमच! तीन इकडे, दोन तिकडे. बरोबरी होणारच नाही. कुठलं इंग्लंड, कुठलं आपलं गाव, पण दोन्ही शब्दांच्या पोटात विषम संख्या! मला तर हे भारीच आवडतं.

आता शेवटचं कोडं. टीव्ही बघून निकाल देणारा तिसरा पंच कसोटीत आला १९९२ साली, दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनला. त्याच्या निकालाने बाद झालेला जगातला पहिला फलंदाज कोण? ओळख पाहू!

आपल्या मुंबईचा सचिन तेंडुलकर!