नोंद कुणाच्या नावावर?

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या भावाची युवा फुटबॉल विकास कार्यक्रमासाठी निवड झाली. आठवड्यातून तीन दिवस तिथे सराव. रविवारी मात्र तो आमच्या गल्लीच्या क्लबातून खेळतो. क्लब चालविणारे काका रुसले. "पोरगं आम्ही तयार करायचं आणि नाव त्यांचं होय?" मी पडलो वाणिज्य शाखेचा, नियम काढून वाचले.

खेळाडू सरावाला कुठेही जावो, त्याची नोंदणी एका वेळी एकाच क्लबाकडे राहते. आणि या नोंदीला पैशातही मोल आहे! फिफाचा २००१ पासूनचा नियम असा : करार संपण्याआधी व्यावसायिक खेळाडूला परदेशी क्लबाने रक्कम मोजून घेतले, तर त्या रकमेतील ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात शिकविणाऱ्या क्लबांना वाटायचे. समजा, रक्कम १ कोटी. वाटणीला ५ लाख. वयाच्या १२ ते १५ पर्यंत दर वर्षाचे २५ हजार, पुढे दर वर्षाचे ५० हजार. आमच्या गल्लीतून असा खेळाडू निघेल की नाही, देव जाणे. पण वाटणी नोंदीवरून होते, आठवणीवरून नव्हे.

म्हणून कार्यक्रमात जाणाऱ्याने पहिल्याच दिवशी विचारावे : नुसता सराव, की नोंदणीही हलणार? हलली, तर पुढची वर्षे त्यांच्या खाती.

भावाची नोंद पाहायला मी काकांकडे गेलो. क्लब संलग्न आहे, पण लहान पोरांची नोंद त्यांनी कधी केलीच नव्हती. भावाची दोन वर्षे कोरीच गेली. या हंगामाचा अर्ज आम्ही दोघांनी मिळून भरला.