बाहुलीचे घर जोडताना

लाकडी बाहुलीघराचा संच म्हणजे प्लायवूडच्या पातळ फळ्या, त्यांत कापून ठेवलेले भिंती, मजले, जिना, दारे-खिडक्या यांचे सुटे भाग आणि सोबत एक चित्रपत्रक. कोणता भाग कोणत्या खाचेत बसवायचा, ते पत्रकात चित्राने दाखवलेले असते. तसेच का बसवायचे, हे मात्र लिहिलेले नसते. ते मुलांपुढे आणण्याचे काम शिक्षकाचे.

शिरूर आणि दौंड तालुक्यांतील आम्ही काही शिक्षकांनी कार्यानुभवाच्या तासाला असा संच प्रथमच हाती घेतला. अडचण उघड होती. वर्गात मुले चाळीस आणि संच एकच. घर एकदा चिकटवले की ते कपाटावरची शोभेची वस्तू होते आणि चाळिसांपैकी चार-पाच जणांचेच हात त्याला लागलेले असतात. प्रदर्शनापुरते घर तयार हवे असेल तर तेही चालेल. पण मग मुलांच्या पदरात काय पडले? म्हणून आम्ही ठरवले की, गोंदाची बाटली शेवटच्या आठवड्यापर्यंत उघडायची नाही. केवळ खाचा आणि त्यांत बसणाऱ्या जिभा यांच्या आधारे घर उभे करायचे, पुन्हा सुटे करायचे आणि पुढच्या गटाकडे द्यायचे. या कोरड्या जोडणीत मुलांनी जे प्रश्न विचारले, त्यांतील काहींची उत्तरे येथे देत आहोत.

एक फुटाचा एक इंच

बाहुलीघरांसाठी जगभर सर्वाधिक वापरले जाणारे प्रमाण १:१२ हे आहे. फुटात बारा इंच असल्याने हिशेब सोपा होतो : खऱ्या घरातला एक फूट म्हणजे बाहुलीघरातला एक इंच. नवी दिल्लीच्या उभारणीतील प्रमुख वास्तुशिल्पी एडविन लट्येन्स यांनी इंग्लंडच्या राणी मेरीसाठी १९२१ ते १९२४ या काळात जे प्रसिद्ध बाहुलीघर उभारले, तेही याच प्रमाणाचे. आपल्याकडे गवंडी आणि सुतार अजूनही फूट-इंचात बोलतात, त्यामुळे मुलांना हे प्रमाण चटकन उमगते. पाच फूट उंचीची आई या घरात पाच इंचांची होते.

मुलांना घरून भातुकलीची भांडी आणायला सांगावे. पातेले, पोळपाट, जाते, बंब अशी प्रत्येक वस्तू आणि तिची खरी जोडीदार मोजून गुणोत्तर काढावे. भातुकलीत पातेले एका प्रमाणात आणि जाते दुसऱ्याच प्रमाणात असल्याचे बहुधा आढळेल. खेळताना याने काही बिघडत नाही. पण 'प्रमाण' म्हणजे सगळ्या वस्तूंना एकच भाजक लावणे, ही गोष्ट या फरकातून पक्की होते.

यानंतर खरी गंमत येते. लांबी बारापट लहान झाली की क्षेत्रफळ १४४ पट आणि घनफळ १७२८ पट लहान होते. आपल्या पेल्यात २०० मिलिलिटर पाणी मावत असेल, तर बाहुलीच्या पेल्यात सुमारे ०.१२ मिलिलिटर, म्हणजे ड्रॉपरचे जेमतेम दोन थेंब मावतील. या पेल्याचे तोंड सहा मिलिमीटरांच्या आसपास असेल. तो अलगद उपडा केला तरी पाणी खाली पडणार नाही. आपल्या पेल्यात पाण्याच्या वजनापुढे पृष्ठताणाचे काही चालत नाही. इतक्या लहान पेल्यात मात्र पृष्ठताण वरचढ ठरतो. म्हणजे वस्तू लहान केली तरी निसर्गाचे सगळे नियम सारख्याच प्रमाणात 'लहान' होत नाहीत.

हीच गोष्ट भिंतींची. तीन मिलिमीटर जाडीची भिंत एवढे दुमजली घर कसे तोलते? सर्व मापे बारापट लहान केली तर वजन १७२८ पट घटते, पण ते पेलणाऱ्या भिंतीचे आडवे क्षेत्रफळ १४४ पटच घटते. त्यामुळे दर चौरस सेंटिमीटरवर येणारा भार बारापट कमी होतो. लहान वस्तू आकाराच्या मानाने दणकट का असतात, याचे विवेचन गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केले आहे.

तीन मिलिमीटरला बाराने गुणले तर ३६ मिलिमीटर, म्हणजे दीड इंचाहून थोडी कमी जाडी येते. आपल्या गावांतील जुन्या घरांच्या दगड-मातीच्या भिंती दीड-दोन फूट जाड असतात. प्रमाणात आणल्या तर त्या दीड-दोन इंचांच्या हव्यात. "मग ही भिंत आपल्या घराची नाहीच," असे एका मुलीने हिशेब करून सांगितले. तिचे म्हणणे बरोबर होते. जाड भिंत दिवसभराची उष्णता सावकाश शोषते आणि ती आतपर्यंत पोहोचायला बराच वेळ लावते. आपल्याकडच्या उन्हाळ्याला तीच सोयीची. अशा वेळी खोक्याच्या पुठ्ठ्याचे थर लावून संचाची एक भिंत 'आपली' करून पाहावी. पुढे ओटाही काढता येतो.

लाकडाला दिशा असते

कुदळीचा दांडा ढिला झाला की शेतकरी ती पाण्यात बुडवून ठेवतो आणि दांडा घट्ट बसतो, हे आपल्या मुलांनी पाहिलेले असते. लाकडाच्या पेशींच्या भित्ती पाणी शोषून फुगतात. पण हे फुगणे सर्व दिशांना सारखे नसते. ओले लाकूड पूर्ण सुकले तर तंतूंच्या दिशेने ते केवळ ०.१ ते ०.२ टक्के आखडते. तंतूंना आडव्या दिशेने मात्र हे आखडणे लाकडाच्या जातीनुसार आणि कापानुसार सुमारे ३ ते १० टक्के असते. म्हणून दांड्याची जाडी वाढते, लांबी जवळपास तेवढीच राहते.

याचा प्रयोग सोपा आहे. सुताराकडून साध्या लाकडाचा एक पातळ तुकडा आणावा. प्लायवूडचा नको. तंतूंच्या दिशेने आणि त्यांना आडवे अशा दोन्ही मापांची नोंद करावी, तुकडा दोन दिवस पाण्यात ठेवावा आणि पुन्हा मोजावे. आडव्या दिशेतला फरक साध्या फूटपट्टीवरही दिसतो.

प्लायवूडची युक्ती आता कळते. लाकडाचे पातळ पापुद्रे एकमेकांवर काटकोनात चिकटवलेले असतात. एक थर ज्या दिशेने फुगू पाहतो, त्या दिशेने शेजारच्या थराचे तंतू असतात आणि ते त्याला आवरतात. थरांची संख्या विषम असते, तीन किंवा पाच, म्हणजे मधल्या थराच्या दोन्ही बाजूंना सारखीच ओढ राहते. हा तोल आपणच बिघडवू शकतो. फळीच्या एकाच बाजूला पाण्यातला रंग दिला किंवा कागद चिकटवला तर ती वाकते. रंग द्यायचाच असेल तर दोन्ही बाजूंना द्यावा.

आपल्या भागात याला विशेष महत्त्व आहे. घोड नदीकाठचे शिरूर आणि भीमाकाठचे दौंड ही दोन्ही ठिकाणे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. उन्हाळ्यात दुपारची सापेक्ष आर्द्रता २०-३० टक्क्यांपर्यंत उतरते, तर पावसाळ्यातल्या सकाळी ती ८० टक्क्यांच्या वर जाते. एप्रिलमध्ये सहज सरकणारी जीभ जुलैत खाचेत अडकू शकते. अशा वेळी हातोडी वापरू नये. जिभेवर पॉलिश पेपरचे दोन-चार हलके हात मारावेत. आम्ही एकाच जोडाची घट्टपणाची नोंद जूनपासून दर शनिवारी फळ्यावर ठेवली. 'सैल', 'बरा', 'घट्ट' एवढे तीनच शब्द. आर्द्रता मोजणारे उपकरण नसलेल्या शाळेला एवढी नोंदही पुरेशी आहे.

काटकोन आणि कैची

जमीन, दोन भिंती आणि छत जोडले की चौकट तयार होते. पण बोटाने ढकलली तर ती तिरकी होते. मागची भिंत बसताच ती ताठ उभी राहते. असे का होते, ते पाहण्यासाठी पुठ्ठ्याच्या चार पट्ट्यांची टोके टाचण्यांनी जोडून चौकोन करावा. बाजूंची लांबी तीच राहून त्याचा आकार बदलतो. पाचवी पट्टी कर्णावर लावली की दोन त्रिकोण होतात आणि आकार बदलेनासा होतो, कारण तीन बाजू ठरल्या की त्रिकोणाचे कोनही ठरतात. मागची भिंत हे कर्णाचेच काम करते. शाळेच्या पत्र्याच्या छपराखालची कैची मुलांना दाखवावी. तिच्यात त्रिकोणच त्रिकोण आहेत.

चौकट काटकोनात आहे की नाही, हे गुण्या नसला तरी दोऱ्याने तपासता येते. समोरासमोरच्या बाजू सारख्या असतील आणि दोन्ही कर्ण सारखे भरले, तर चौकोन हा आयतच असतो. पाठ्यपुस्तकातले हे प्रमेय येथे प्रत्यक्ष कामाला येते, कारण कर्णात दोन मिलिमीटरांचा फरक असला तरी वरचा मजला खाचेत उतरत नाही.

शेवटी गोंद

सर्व गटांची पाळी झाल्यावरच गोंद उघडावा. फेव्हिकॉलसारख्या पांढऱ्या गोंदात पॉलिव्हिनिल ॲसिटेटचे सूक्ष्म कण पाण्यात विखुरलेले असतात. पाणी लाकडात मुरते आणि हवेत उडून जाते, तसे हे कण जवळ येऊन एकमेकांत मिसळतात व सलग पापुद्रा बनतो. दोन्ही पृष्ठभागांच्या बारीक खळग्यांत हा पापुद्रा रुजलेला असतो. म्हणून थर पातळ हवा आणि दाब हवा. जाड थरातले पाणी लवकर निघत नाही आणि जोड दुबळा राहतो. दाबासाठी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या उत्तम. अर्ध्या तासात जोड धरतो, पण पूर्ण बळकटीसाठी चोवीस तास थांबावे. लेसर किरणाने कापलेल्या भागांच्या कडा जळून तपकिरी झालेल्या असतात. त्या काजळीवर गोंद नीट धरत नाही, म्हणून चिकटवण्यापूर्वी कडा हलक्या हाताने घासाव्यात. घासताना नाकावर रुमाल बांधावा, आणि बारीक भाग बालवाडीतल्या मुलांपासून दूर ठेवावेत.

संच विकत घेणे प्रत्येक शाळेला जमेल असे नाही, आणि त्यावाचून अडतही नाही. खोक्यांचा पुठ्ठा, दोरा आणि फूटपट्टी एवढ्या साहित्यात मुलांना आपल्याच वर्गखोलीचे १:१२ प्रमाणातले घर करता येते. तेथे भाग आयते कापलेले नसतात, म्हणून मापे स्वतः घ्यावी लागतात, आणि शिकण्याचा मोठा भाग त्यातच आहे. मात्र साहित्य कोणतेही असो, प्रत्येक मुलाच्या हातून ते घर निदान एकदा उभे राहिले पाहिजे आणि एकदा सुटे झाले पाहिजे. तोवर गोंदाची बाटली बंद राहू द्यावी.