क्रेडेन्शियल स्टफिंग
एका सेवेतून फुटलेल्या सदस्यनामांच्या व परवलीच्या शब्दांच्या जोड्या इतर सेवांवर स्वयंचलित आज्ञावलीने लावून पाहण्याची हल्ल्याची पद्धती. हीत परवलीचा शब्द तर्काने शोधावा लागत नाही. तो आधीच हाती आलेला असतो. एकच शब्द अनेक ठिकाणी वापरण्याच्या सवयीवर ही पद्धती आधारलेली आहे. यशाचे प्रमाण अल्प असले, तरी लक्षावधी जोड्या थोड्या वेळात तपासता येत असल्याने तेही पुरेसे होते. प्रयत्न असंख्य आंतरजाल-पत्त्यांवरून विखरून केले जात असल्यामुळे ते वेगळे ओळखणे कठीण जाते.

आंतरजालावरून चालणाऱ्या दूरचित्रवाणी सेवांना या हल्ल्यांचा विशेष उपद्रव होतो. एकच खाते घरातील अनेक जण निरनिराळ्या उपकरणांवर वापरीत असल्याने परके उपकरण चटकन लक्षात येत नाही. अमेरिकेतील रोकू कंपनीने मार्च २०२४ मध्ये सु. १५,००० व एप्रिलमध्ये आणखी सु. ५,७६,००० खाती अशा रीतीने उघडली गेल्याचे जाहीर केले. दुसऱ्या प्रसंगी ४०० हून कमी खात्यांतून परस्पर खरेदी झाली होती. परवलीचे शब्द कंपनीच्या प्रणालीतून फुटल्याचा पुरावा आढळला नाही. त्यानंतर कंपनीने सर्व खात्यांना द्विघटक प्रमाणीकरण लागू केले. त्यात सदस्याच्या ई-मेलवर पडताळणीचा दुवा पाठविला जातो. मात्र ई-मेललाही तोच परवलीचा शब्द असेल, तर हे संरक्षण निष्फळ ठरते.

उपकरणाधिष्ठित प्रमाणीकरणात परवलीचा शब्दच वगळला जातो. नोंदणीच्या वेळी सदस्याचा दूरध्वनिसंच वा संगणक गणिती किल्ल्यांची एक जोडी निर्माण करतो. खाजगी किल्ली उपकरणाकडे राहते, तर सार्वजनिक किल्ली सेवेकडे जाते. प्रत्येक प्रवेशाच्या वेळी सेवा एक नवी यादृच्छिक संख्या पाठविते व उपकरण खाजगी किल्लीने तीवर स्वाक्षरी करते. सेवेचा साठा फुटला, तरी चोराला अन्यत्र लावण्याजोगे काही मिळत नाही. या पद्धतीचे वेबऑथन हे प्रमाण वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने मार्च २०१९ मध्ये मान्य केले.

दूरचित्रवाणी संचावर अक्षरे टंकणे त्रासाचे असल्याने पडद्यावर एक लघुसंकेत दाखवितात. सदस्य तो आपल्या दूरध्वनीवर भरून संमती देतो. परक्याने पाठविलेला संकेत भरल्यास मात्र त्याच्याच संचाला प्रवेश मिळतो. तसेच उपकरण हरवल्यास खाते परत मिळविण्यासाठी जुना परवलीचा शब्दच चालत असेल, तर हल्ल्याची वाट पुन्हा खुली होते. म्हणून किल्लीइतकीच ही पर्यायी वाटही सुरक्षित राखावी लागते.