विंगेत उभं राहायला शिकताना

पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या फेऱ्या सुरू झाल्या की बाहेर मुलांची झुंबड उडते. घसे बसलेले, डोळे तारवटलेले, पण चेहऱ्यावर उजेड. १९६३ पासून किती पिढ्या या दारातून आत गेल्या! त्याच गर्दीत दरवर्षी कुणीतरी बाजूला घेऊन विचारतं, "दादा, नाटकच करायचंय. सुरुवात कुठून करू?"

माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी बॅकस्टेज कर. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो, पण मी हे मनापासून सांगतो.

माझ्याकडे पहिल्या नाटकात प्रॉपर्टी होती. दुसऱ्या अंकात नायिका टेबलाचा खण उघडून मुलाचं पत्र वाचते, आणि एका प्रयोगाला ते पत्र ठेवायलाच मी विसरलो. विंगेतून मला रिकामा खण दिसला आणि हातपाय गार पडले. बाई क्षणभर थांबल्या. खणात तळाला अंथरलेला वर्तमानपत्राचा कागद त्यांनी काढला, प्रेक्षकांकडे पाठ करून त्याची लहान घडी घातली, वळल्या आणि पत्र वाचलं. रोजच्याच जागी आवाज कापला. प्रयोगानंतर मला एवढंच म्हणाल्या, "प्रॉपर्टी डोळ्यांनी तपासायची नाही. पहिल्या घंटेआधी प्रत्येक वस्तूला हात लावायचा." अभिनयाचा याहून मोठा धडा मला कुठल्याही शिबिरात मिळाला नाही. विंगेत उभं राहिलं की एकच वाक्य पंचवीस प्रयोगांत पंचवीस प्रकारे कसं पडतं ते ऐकू येतं. समोरच्याचं ऐकणारा नट कोण आणि नुसती आपल्या वाक्याची वाट बघणारा कोण, हेही तिथूनच कळतं.

दुसरी गोष्ट आवाजाची. आपल्या भाषेत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि नवखा नट नेमका तिथेच श्वास सोडून देतो. 'मी त्याला भेटलो नाही' यातला 'नाही' गिळला की शेवटच्या रांगेत भेट झालेली असते! माइकमुळे ही खोड झाकली जाते, जात नाही. रोज अर्धा तास उभं राहून अग्रलेख मोठ्याने वाचावा. खोलीच्या दुसऱ्या टोकाला मित्राला बसवावं आणि त्याला ऐकू आलेली फक्त क्रियापदं लिहून घ्यायला सांगावीत. महिनाभरात फरक पडतो.

प्रमाण मराठी यायलाच हवी, पण घरची बोली पुसून टाकू नका. मच्छिंद्र कांबळींनी 'वस्त्रहरण' मालवणीत उभं केलं आणि ज्यांच्या घरी मालवणी कधी बोलली गेली नव्हती तेही रांगा लावून आले. वऱ्हाडी, अहिराणी, आगरी जे आईकडून आलं ते सांभाळा. ऐन भूमिकेत तेच उपयोगी पडतं.

रीतसर शिक्षणाच्या वाटा आहेत. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ चं. पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठातही नाट्यशिक्षण मिळतं. प्रवेश मिळाला तर जरूर जा. नाही मिळाला म्हणून वर्ष वाया घालवू नका. हौशी संस्था गाठा, राज्य नाट्य स्पर्धेत उतरा.

पोटापाण्याचं काय? डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक होते. १९६९ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, त्यांनी व्यवसाय सोडून पूर्णवेळ रंगभूमी धरली आणि पुढच्याच वर्षी 'नटसम्राट' आलं. आधीची कित्येक वर्षं दवाखाना सांभाळून तालमी चालू होत्या. नोकरी करणारा नट कमी निष्ठेचा, असं कुणी म्हटलं तर मला राग येतो. घरभाड्याची चिंता नसलेला नट वाईट नाटकाला नाही म्हणू शकतो.

व्यावसायिक नाटकात पैसे नाइटवर, म्हणजे प्रयोगागणिक मिळतात. नाइट किती, दौऱ्यावर राहण्याजेवणाचं कोण बघणार, तालमीच्या दिवसांचं काय, हे वाचनाच्या दिवशीच विचारा आणि लिहून घ्या. विचारण्यात लाज नाही. ऑडिशनसाठी पैसे मागणाऱ्याच्या दारातून मात्र तिथूनच परत फिरा. स्वतः नाटक बसवणार असाल तर लेखकाची लेखी परवानगी आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आधी हातात घ्या, मग नाट्यगृहाची तारीख.

आणि मुंबई-पुण्याबाहेर बघा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत धानाची कापणी झाली की झाडीपट्टी नाटकांचा हंगाम सुरू होतो. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं. आजूबाजूच्या गावांतून माणसं घोंगड्या-चादरी घेऊन येतात. वडसा हे त्याचं केंद्र; नाटक कंपन्यांची कार्यालयं तिथेच आहेत. दिवाळीचा फराळ संपला की गाडी पकडा. एक नाटक समोर बसून पाहा आणि दुसऱ्या रात्री विनंती करून विंगेत उभे राहा.