अबोल नायक आणि त्याचें प्रणयाराधन

इंग्रजी प्रणयकथांतील एक नायक आमच्या सुशिक्षित घरांतील मुलींच्या आतां चांगलाच परिचयाचा झाला आहे. तो उंच असतो, धनाढ्य असतो, बहुधा वयानेंही नायिकेहून बराच मोठा असतो. आणि मुख्य म्हणजे तो बोलत नाहीं. बोललाच तर टोचून बोलतो. अर्धें पुस्तक तो तिचा पाणउतारा करण्यांत घालवितो, उरलेल्या अर्ध्यांत अकारण संतापतो, आणि शेवटच्या चार पानांत आपलें तिच्यावर पहिल्यापासूनच प्रेम होतें असें सांगून मोकळा होतो. लंडनच्या मिल्स अँड बून मंडळीचीं अशीं पुस्तकें आमच्या गांवोगांवच्या वाचनालयांतून वर्षानुवर्षें फिरत आलीं आहेत. आईबाप एक तर या पुस्तकांस हसतात, नाहीं तर तीं उशीखालून काढून घेतात. आमच्या मतें दोन्ही उपाय सारखेच निष्फळ होत. हा नायक आला कोठून, आणि तो शहाण्यासुरत्या मुलींनाही कां आवडतो, हें पाहणें अधिक उपयोगाचें.

त्याचा एक पूर्वज १७४० सालीं भेटतो. सॅम्युएल रिचर्ड्‌सन या लंडनच्या मुद्रकानें त्या वर्षीं 'पामेला' ही कादंबरी प्रसिद्ध केली. पामेला ही पंधरा वर्षांची मोलकरीण. मालकीण वारल्यावर मालकिणीचा मुलगा तिच्या मागें लागतो, तिला फसवून दूरच्या वाड्यांत कोंडून ठेवितो, तिचीं पत्रें चोरून वाचतो. तीं वाचतां वाचतांच त्याचें मन पालटतें आणि तो तिच्याशीं विवाह करितो. ग्रंथाचें उपनाम 'सद्गुणाचें पारितोषिक' अशा अर्थाचें आहे. म्हणजे पारितोषिक कोणतें, तर छळणारा तोच गृहस्थ! ही गोष्ट त्या काळींही सर्वांस रुचली नाहीं. फील्डिंगनें पुढच्याच वर्षीं तिची यथेच्छ टर उडविली.

परंतु रिचर्ड्‌सनची दुसरी कादंबरी आम्हांस अधिक विचार करावयास लावते. 'क्लॅरिसा' १७४७-४८ मध्यें भागाभागांनीं बाहेर पडली. तिच्यांतील लव्हलेस देखणा, वाक्चतुर आणि आंतून निर्दय आहे. तो क्लॅरिसेस घरांतून काढून नेतो व अखेर गुंगीचें औषध देऊन तिच्यावर बलात्कार करितो. त्यानंतर तो लग्नास तयार होतो. ती तयार होत नाहीं. पामेलेला जें बक्षीस म्हणून मिळालें, तेंच क्लॅरिसा लाथाडते, आणि झुरून मरते. यांत नवल असें कीं, भाग निघत असतांनाच वाचकांच्या विनंत्या लेखकाकडे येऊं लागल्या: लव्हलेसास सुधारा, दोघांचें लग्न लावून द्या! रिचर्ड्‌सन बधला नाहीं. उलट पुढील आवृत्त्यांत त्यानें लव्हलेसाचा काळेपणा अधिकच गडद केला. तरी लव्हलेसाचे चाहते हटले नाहींत. तेव्हां दोष केवळ पुस्तकांतच असतो असें नाहीं. देखण्या दुष्टाला क्षमा करण्याची घाई वाचणाऱ्याच्या मनांतही असते.

ती घाई आपल्याकडेही जुनीच आहे. महाभारतांतील दुष्यंत शकुंतलेला पूर्ण ओळखत असूनही भर सभेंत नाकारतो आणि आकाशवाणी झाल्यावर, लोकांची खात्री पटावी म्हणून आपण तसें केलें, असें म्हणतो. कालिदासानें दुर्वासाचा शाप आणि हरवलेली मुद्रिका आणून राजास दोषमुक्त केलें. शाकुंतलाच्या थोरवीस यामुळें उणेपणा येत नाहीं. पण नायकाच्या निष्ठुरतेला सबब शोधून देण्याचें काम कविकुलगुरूलाही करावें लागलें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. आजच्या कादंबरींत शापाच्या जागीं नायकाचें दुःखी बालपण किंवा पूर्वीच्या एखाद्या स्त्रीनें केलेली प्रतारणा येते, इतकेंच.

आतां जेन ऑस्टेनच्या १८१३ सालच्या कादंबरीकडे वळूं. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' मधील डार्सी हा या सर्व अबोल नायकांचा कुलपुरुष मानला जातो. आम्हांस हें कुलनाम डार्सीवर अन्याय करणारें वाटतें. एलिझाबेथला प्रथम मागणी घालतो तो कॉलिन्स नांवाचा बडबड्या पाद्री. ती स्पष्ट नकार देते. तो हंसून म्हणतो कीं, कुलीन मुलींची अशी रीतच असते, मनांत होकार असला तरी तोंडानें नाहीं म्हणावयाचें. ती पुनःपुन्हा नकार देते, आणि त्याला तो प्रत्येक वेळीं अधिकच लाडिक वाटतो. ऑस्टेनबाईंनीं प्रसंग विनोदी रंगविला आहे, पण त्यांतील मर्म विनोदी नाहीं. स्त्रीच्या 'नाहीं' ला अर्थ आहे कीं तो केवळ अलंकार आहे, हाच तेथें प्रश्न आहे.

पुढें डार्सीही मागणी घालतो आणि तोही होकार गृहीत धरूनच येतो. तिच्या घराण्याचा कमीपणा तिलाच ऐकवून तो प्रेम व्यक्त करितो. वर्षाला दहा हजार पौंडांचा धनी तो. त्याला तिनें नाकारलें. यानंतर तो काय करितो? पाठलाग करीत नाहीं, दडपण आणीत नाहीं. दुसऱ्या दिवशीं एक पत्र हातीं देऊन निघून जातो. पुढें तिच्या धाकट्या बहिणीची अब्रू वांचवितो, तीही गुपचूप, उपकार कळूं नये अशा बेतानें. दुसऱ्यांदा विचारतो तेव्हां तो सांगतो कीं, तुमचें मत तेंच असेल तर एका शब्दानें मी कायमचा गप्प बसेन. डार्सीची सारी थोरवी या एका शब्दाची वाट पाहण्यांत आहे. त्याच्या शेंकडों अनुकरणकारांनीं तो शब्द गाळला आणि कपाळावरची आठी तेवढी उचलली.

शार्लट ब्रॉन्टेचा रॉचेस्टर ('जेन एअर', १८४७) मात्र अडचणींत टाकणारा खरा. 'दशरूपका'त शृंगारी नायकाचे दक्षिण, शठ, धृष्ट आणि अनुकूल असे भेद सांगितले आहेत; पैकीं आपला अपराध लपविणारा तो शठ. रॉचेस्टर शठच. जेनचें मन काढून घेण्यासाठीं तो जिप्सी बाईचें सोंग घेतो, दुसरीशीं लग्न ठरल्याचा देखावा करितो, आणि वेडी झालेली लग्नाची बायको माडीवर कोंडून ठेवून या अठरा वर्षांच्या शिक्षिकेस वेदीपुढें उभी करितो. ब्रॉन्टेला हें सर्व दिसत होतें. सत्य कळतांच जेन वीस शिलिंग घेऊन पहांटे घर सोडते. ती परतते तेव्हां तिच्याजवळ चुलत्याच्या वारशांतले स्वतःचे पांच हजार पौंड असतात, आणि रॉचेस्टर एक हात व दृष्टि गमावून बसलेला असतो. लेखिकेनें आधीं दोघांस समान पातळीवर आणलें, मग लग्न लावलें. माडीवरच्या त्या बायकोची बाजू मात्र कोणी मांडली नव्हती. ती डॉमिनिका बेटांत जन्मलेल्या जीन ऱ्हीसनें १९६६ सालीं 'वाइड सरगॅसो सी' लिहून मांडली.

ई. एम्. हल् या बाईंच्या १९१९ सालच्या 'द शेख' मध्यें एवढीही लाज उरलेली नाहीं. अल्जीरियाच्या वाळवंटांत एक शेख डायाना नांवाच्या मानी इंग्रज तरुणीस पळवून नेतो, तिच्यावर बलात्कार करितो, आणि कांहीं आठवड्यांनीं ती त्याच्यावर जीव टाकूं लागते. शेवटीं शेख हा मूळचा इंग्रज उमरावाचा पुत्र निघतो, म्हणजे गोऱ्या वाचकांच्या वर्णाभिमानासही धक्का नको! १९२१ च्या चित्रपटांत व्हॅलेंटिनोनें ही भूमिका केली, पण तेथें तो अत्याचार गाळावा लागला. पुस्तक वाचणाऱ्या स्त्रियांस अत्याचार हवा होता असें आम्ही म्हणणार नाहीं. स्त्रीनें इच्छा दाखविली कीं ती कुलटा ठरावयाची, अशा समाजांत बळजोरीच्या कथेंत नायिकेवर दोष येत नाहीं, एवढीच ती सोय होती. सोयीची किंमत काय, हा प्रश्न निराळा.

अबोलपणाचें आणखी एक कारण निव्वळ रचनेंत आहे. या कथा पुष्कळ काळ नायिकेच्याच दृष्टीनें सांगितल्या जात. नायकाचें मन तिला बंद, म्हणून वाचकासही बंद. त्याची प्रत्येक आठी म्हणजे कोडें, आणि उत्तर 'प्रेम' हें आधींच ठरलेलें. जॅनिस रॅडवे या अमेरिकन विदुषीनें एका गांवच्या प्रणयकथा-वाचक स्त्रियांस भेटून १९८४ सालीं ग्रंथ लिहिला. त्या बायकांना क्रूर नायक आवडत नव्हते. बुद्धिमान आणि हळवा पुरुष हवा होता. शिवाय पुस्तक उघडलें कीं घरच्या मागण्यांपासून तेवढा वेळ सुटका, हाही लाभ. आमच्या घरांतील गृहिणींस हें समजावून सांगावयास नको.

मात्र कादंबरींत त्या आठीमागें प्रेम असल्याची हमी लेखक देतो. संसारांत ती कोण देणार? मुलगी दाखविण्याच्या बैठकींत एक शब्द न बोलणारा मुलगा 'गंभीर स्वभावाचा' म्हणून पसंत पडतो, आणि मग वर्षानुवर्षें ती मुलगी त्या गांभीर्याखालचा जिव्हाळा शोधीत राहते. नकार मिळूनही रोज कॉलेजच्या दाराशीं उभा राहणारा तरुण 'एकनिष्ठ' ठरतो. अशा वेळीं आपल्या कन्येजवळ कॉलिन्सची आणि डार्सीची ओळख असणें बरें. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' चें एकोणिसावें व चौतिसावें हीं प्रकरणें तिच्यासह एका बैठकींत वाचावीं. दोन्ही मिळून अर्धा तास पुरतो.