तान्ह्या पोळ्याचा वेष आणि मुलांची प्रकृती

पोळ्याचा पाडवा उजाडला की आम्हा नागपूरकरांच्या घरात एकच धांदल उडते. बैलांचा मोठा पोळा आदल्या दिवशी, अमावस्येला झालेला असतो. पाडव्याचा दिवस मुलांचा. लाकडी नंदी पुसायचा, त्याला झूल नि माळ घालायची आणि संध्याकाळी तो ओढत वस्तीत निघायचे. घरोघरी नंदीची पूजा होते, मुलांच्या हातावर बोजारा पडतो. दुसरे रघुजीराजे भोसले यांनी १८०६ साली हा तान्हा पोळा सुरू केला, असे सांगितले जाते.

नंदीबरोबर मुलेही सजतात. कोणी शिवाजी महाराज, कोणी झाशीची राणी, कोणी वासुदेव, तर कोणी स्पायडरमॅन. मंडळे वेषभूषेला बक्षिसे ठेवतात. मग आठ-आठ दिवस घरात पुठ्ठा, जिलेटीन कागद, जुन्या साड्या आणि डिंक यांचा पसारा पडतो. मला हा पसारा फार आवडतो. आई-आजीच्या हातचा वेष घालून मूल चार लोकांत उभे राहते, बोलते, त्याची भीड चेपते. तेव्हा वेष करूच नका, असे सांगण्यासाठी हा लेख नाही.

याच दिवशी आपल्याकडे मारबतीही निघतात. काळ्या मारबतीची प्रथा १८८१ पासूनची आणि पिवळीची १८८५ पासूनची. रोगराई घेऊन जा, असे लोक मारबतीला ओरडून सांगतात. पण दुसऱ्याच दिवशी माझ्या दवाखान्यात मुलांची रांग लागते. कोणाच्या गालावर पुरळ, कोणाचा डोळा लाल, कोणी उकाड्याने मलूल. मारबतीबरोबर धाडलेली पीडा आपणच रंगाच्या डबीतून घरी आणतो की काय, असे वाटते.

हे मी शहाणपणाने सांगत नाही. माझ्याच हातून चूक झाली, म्हणून सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझा सहा वर्षांचा नातू गाडगेबाबा झाला होता. सूनबाईने चिंध्यांचा अंगरखा शिवला, हातात मडके नि खराटा दिला. दाढी मात्र मी केली. दवाखान्यातला कापूस पिंजून तो डिंकाने हनुवटीला पक्का चिकटवला. ‘आता वाऱ्यानेही हलणार नाही,’ असे म्हणून मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

तिसऱ्या घरी शेजारच्या काकूंनी नंदीचे पाय धुतले आणि औक्षणाचे ताट उचलले. ताटात पेढे दिसले म्हणून नातू पुढे वाकला. निरांजनाच्या ज्योतीला कापूस लागला आणि भस्सकन पेटला. मी चार हातांवर उभा होतो, पण पाय जागचे हलेनात. काकूंनी मात्र नंदीचे पाय धुतलेला तांब्या उचलून सगळे पाणी त्याच्या तोंडावर फेकले. हनुवटी भाजली, पण तेवढ्यावर निभावले. आज जवळून पाहिले तरच डाग दिसतो.

रात्री तो मला म्हणाला, ‘आबा, मी ओढत होतो, पण दाढी निघतच नव्हती.’ चाळीस वर्षांच्या वैद्यकीत मला कोणी इतके नेमके शिकवले नव्हते. तेव्हापासून मी पालकांना एकच कसोटी सांगतो. दहा आकडे मोजेपर्यंत जो वेष मुलाला स्वतःच्या हाताने काढता येतो, तोच वेष चांगला. बाकीच्या सूचना यातूनच निघतात.

दिवा आणि कापूस

मोकळा कापूस, क्रेप कागद आणि जिलेटीन क्षणात पेट घेतात. नायलॉन-पॉलिएस्टरचे कापड पेटले की वितळून कातडीला चिकटते. ओढणी, शेला, पदर असे लोंबते भाग आधी ज्योतीत जातात. दाढी करायचीच तर कापडाच्या पट्टीवर शिवावी आणि कानामागे इलॅस्टिकने अडकवावी. औक्षण करणाऱ्या भगिनींना विनंती, की वेषातल्या मुलाला ओवाळताना ताट हातभर लांब ठेवावे. पाण्याचा तांब्या जवळ असतोच, तो पूजा संपेपर्यंत रिकामा करू नये.

रंग कोणता?

दाराला लावायचा रंग तोंडाला लावू नये. हे सांगावे लागते, कारण पुतळ्याचा वेष म्हणून मुलांना चांदीचा ऑइलपेंट फासलेला मी पाहिला आहे. तो काढायला पुन्हा रॉकेल किंवा टर्पेंटाइन चोळतात आणि कातडी सोलवटते. मारुतीच्या वेषासाठी अंगभर शेंदूर लावणेही धोक्याचे. शेंदरात शिसे असते. ते हातावरून पोटात जाते आणि शिशाने लहान मुलाच्या मेंदूला इजा होते. पूर्वीचे खेळे मुर्दाशंख आणि हिंगूळ तोंडाला लावीत. पहिल्यात शिसे, दुसऱ्यात पारा. ते दिवस गेले, आता ती चूक कशाला? मारुतीला केशरी बनियन आणि विजार पुरे. मिशी काढायला केसांचा काळा रंग किंवा ‘काळी मेंदी’ वापरू नये, त्यातील रसायनाने कातडीवर फोड येतात.

त्वचेसाठी बनवलेला रंगसुद्धा आदल्या दिवशी कोपराच्या आतील बाजूला थोडा लावून पाहावा. चोवीस तासांत खाज किंवा लाली आली तर तो वापरू नये. रंगाआधी हलका हात खोबरेल तेलाचा द्यावा आणि नंतर तेलानेच रंग उतरवावा. डोळ्यांभोवती चमकी टाळावी. तिचा कण डोळ्यात गेला तर चोळू नये, स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा. तरीही टोचत राहिले तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे.

उकाडा आणि लघवी

भाद्रपदात आपल्याकडे ढगाळ उकाडा असतो. घाम येतो, पण वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. त्यातच अंगभर रंग किंवा फोमचा बैल चढवला की मूल आतून तापते. रंगाने कातडीचा श्वास कोंडतो हा समज खरा नाही. श्वास आपण नाकानेच घेतो. पण घामाला अडथळा होतो, हे खरे. वेषाच्या आत सुती बनियन घालावी. अर्ध्या-पाऊण तासाने मुखवटा काढून पाणी किंवा लिंबू-सरबत द्यावे. मूल चिडचिडे झाले, डोके दुखते म्हणाले, ओकारी आली तर वेष लगेच उतरवून सावलीत ओल्या फडक्याने अंग पुसावे. ते बरळू लागले किंवा शुद्ध हरपली तर अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी घालू नये.

वेष निघत नाही म्हणून मुले तीन-तीन तास लघवी दाबून ठेवतात, पाणीही पीत नाहीत. विशेषतः मुलींना याचा त्रास होतो. तेव्हा मागे टाके घालण्याऐवजी पुढे प्रेसबटणे किंवा चिकटपट्टी लावावी.

मोठ्या मुलांचा खेळ

कॉलेजातली मुले हल्ली याच हौसेला कॉस्प्ले म्हणतात. नोबुयुकी ताकाहाशी या जपानी गृहस्थांनी १९८० च्या दशकात हा शब्द रूढ केला. चित्रपटांतील आणि चित्रकथांतील पात्रांची चिलखते ही मुले फोमच्या चटईतून घरीच कापतात, तापवून वाकवतात आणि रबर सोल्यूशनने जोडतात. कौतुकाची गोष्ट आहे. पण हे काम बंद खोलीत करू नये. त्या वाफेने डोके गरगरते आणि ती वाफ पेटतेही, म्हणून खिडकी उघडी आणि गॅस-उदबत्ती लांब हवी. डोळ्यांच्या रंगीत काचा मैत्रिणीच्या उसन्या घेऊ नयेत. डोळे तपासल्याशिवाय त्या लावूच नयेत, नाहीतर बुबुळाला जखम होते.

भाजल्यास काय करावे?

कपडा पेटला तर मुलाला पळू देऊ नका. जमिनीवर आडवे पाडून लोळवा किंवा जाड सुती चादर टाकून आग विझवा. मग भाजलेल्या जागी नळाचे वाहते पाणी वीस मिनिटे सोडा. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद काहीही लावू नका. कातडीला चिकटलेले कापड ओढू नका. स्वच्छ फडक्याने झाकून डॉक्टरांकडे न्या. चेहरा, हात किंवा गुप्तभाग भाजला असेल तर जखम लहान दिसली तरी थांबू नका.

पुढच्या वर्षी नातवाने पुन्हा गाडगेबाबाच व्हायचे ठरवले. घरात कोणाची हिंमत होईना, पण तो हटला नाही. यंदा दाढी सूनबाईने कापडावर शिवली. मी घड्याळ धरून त्याच्याकडून पाच वेळा ती काढवून घेतली. काकूंच्या दारात ताट पुढे येताच पठ्ठ्याने दाढी काढून खिशात घातली आणि गोंडस हनुवटी पुढे केली. काकू हसल्या, ताट हातभर लांब धरले आणि बोजाऱ्याचे वीस रुपये त्याच्या हातावर ठेवले.

पालकहो, बक्षीस मिळो न मिळो, वेष घालून गेलेले मूल हसत घरी यावे. यंदा वेष पुरा झाला की मुलाला समोर उभे करा आणि दहापर्यंत मोजा.